पात्र आणि अपात्र : वरळीतील दुर्बल समूह व सामाजिक धोरण यांची समाजशास्त्रीय चिकित्सा

प्रस्तावना

समाजातील दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या, शैक्षणिक आणि आर्थिक हितांचे संवर्धन राज्याने विशेष काळजीपूर्वक करावे आणि सामाजिक अन्याय व शोषण यांपासून त्यांचे संरक्षण करावे, असे मार्गदर्शक तत्त्व भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४६ मध्ये नमूद केलेले आहे. स्वातंत्र्योत्तर काळातील गृहनिर्माण, पुनर्वसन व कल्याणकारी योजनांची वैचारिक बैठक या तत्त्वात शोधता येते. परंतु तत्त्व व्यवहारात उतरताना एक महत्त्वाचा बदल घडतो. संविधानात 'दुर्बल' असलेली व्यक्ती शासननिर्णयात 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. दुर्बलता ही समाजाने विचारात घ्यावयाची परिस्थिती आहे, तर पात्रता ही अर्जदाराने सिद्ध करावयाची बाब आहे. या दोहोंमधील अंतर समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने तपासलेले नाही.

प्रस्तुत निबंधात या अंतराची चिकित्सा मुंबईतील वरळी परिसराच्या आधारे केलेली आहे. बीडीडी चाळींचे रहिवासी, कापड गिरण्यांचे कामगार आणि कोळीवाड्यातील मच्छीमार हे तीन समूह येथे दोन-तीन किलोमीटरच्या परिघात शेजारी-शेजारी राहत आले आहेत. तिघांसाठी तीन स्वतंत्र धोरणे आहेत. मात्र तिन्ही धोरणांत पात्रतेची कसोटी समान रीतीने कार्य करते व प्रत्येक समूहातील सर्वाधिक दुर्बल व्यक्तीच तिच्यातून निसटते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

संकल्पनेचे स्वरूप

दारिद्र्य आणि दुर्बलता या संज्ञा बहुधा समानार्थी म्हणून वापरल्या जातात. विकासविषयक अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८९ मध्ये या दोहोंतील भेद स्पष्ट केला. दारिद्र्य म्हणजे अभाव. दुर्बलता म्हणजे आघातासमोर उघडे पडणे आणि तो सोसण्याची साधने हाताशी नसणे. तिला बाह्य व आंतरिक अशा दोन बाजू आहेत. या दृष्टीने १९८१ मधील कायम नोकरीचा गिरणी कामगार दरिद्री नसेलही. परंतु गिरणी बंद पडल्यास त्याच्यापाशी दुसरा आधार नव्हता, म्हणून तो दुर्बल होता. दुर्बलता हा माणसाचा गुणधर्म नाही, ती त्याच्या सामाजिक संबंधांतून निर्माण होणारी अवस्था आहे, हे यातून लक्षात येते. मराठीतील 'दुर्बल' हे विशेषण मात्र ती अवस्था व्यक्तीच्या ठायी चिकटवते आणि तिला दुर्बल कोणी व कसे केले, हा प्रश्न मागे पडतो.

'पात्र' या शब्दाचा विचार त्याहून उद्बोधक ठरतो. पात्र म्हणजे भांडे. त्यावरून घेण्यास योग्य असणारा तो पात्र. 'सत्पात्री दान' या संकल्पनेत दान घेणाऱ्याची योग्यता पारखण्याचा अधिकार दात्याकडे असतो आणि अयोग्य ठरलेल्यास विचारण्याची सोय नसते. शासकीय मराठीने हा शब्द स्वीकारला तेव्हा त्यामागील संबंधही नकळत स्वीकारला गेला असावा. 'लाभार्थी' या शब्दाचीही हीच गत आहे. हक्कदार व लाभार्थी यांत जे अंतर आहे तेच नागरिक व याचक यांत आहे. महात्मा फुले यांच्यापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यापर्यंतच्या परंपरेने ज्या दातृत्वाच्या भाषेला नकार दिला, ती भाषा पुनर्वसनाच्या यादीत टिकून राहिली आहे.

समाजशास्त्रीय दृष्टिकोन

मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र विभाग सुरू झाला. गेडिस हे स्वतः नगररचनाकार होते; त्यामुळे शहरातील वस्ती हा या विभागाच्या जन्मापासूनचा विषय म्हणता येईल. त्यांच्यानंतर डॉ. गो. स. घुर्ये यांनी विभागाला जे वळण दिले त्यात जात, जमात, कुटुंब व संस्कृती यांच्या अभ्यासाला प्राधान्य मिळाले. या परंपरेने भारतीय समाजाच्या रचनेचे सखोल ज्ञान दिले. तथापि संरचनेचे वर्णन करताना तिच्या तळाशी असणाऱ्यांच्या अनुभवाला तीत मर्यादित स्थान होते.

प्रा. अ. र. देसाई यांनी मार्क्सवादी भूमिकेतून या परंपरेला छेद दिला. एस. देवदास पिल्लई यांच्यासह त्यांनी संपादित केलेला 'स्लम्स अँड अर्बनायझेशन' (१९७०) हा ग्रंथ या संदर्भात महत्त्वाचा आहे. झोपडपट्टी ही तेथे राहणाऱ्यांच्या अज्ञानाची निष्पत्ती नसून भांडवली विकासाच्या मार्गाचे फलित आहे, ही देसाई यांची दृष्टी धोरणाच्या चिकित्सेसाठी आजही मूलभूत आहे. मात्र वर्ग या एका कोटिक्रमात जात व लिंगभाव यांचे वेगळेपण पुरेसे सामावत नाही, ही या दृष्टिकोनाची मर्यादा होय.

ती मर्यादा गिरणगावाच्या इतिहासातच दिसते. गिरण्यांतील तुलनेने चांगल्या वेतनाच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागत असल्याने विटाळाची सबब पुढे केली जाई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांसमोर मांडला. कामगार हा एकसंध वर्ग आहे, या गृहीतकाला तो कारखान्याच्या आतून दिलेला आक्षेप होता. पुढे लता मुरुगकर यांनी दलित पँथर चळवळीच्या समाजशास्त्रीय अभ्यासात (१९९१) याच शहरातील जातीय ताणांची चर्चा केली. राधा कुमार यांनी १९१९ ते १९३९ या काळातील गिरण्यांतील स्त्री-कामगारांचा वेध घेतला, तर शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची साक्ष हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन आहे, असे प्रतिपादन केले. मीना मेनन व नीरा अडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात कामगार, स्त्रिया, शाहीर व कार्यकर्ते प्रथमच मोठ्या संख्येने स्वतःच्या शब्दांत बोलताना दिसतात.

या सर्व लेखनातून समूहांतर्गत विषमतेची जाणीव क्रमाने तीव्र होत गेली. धोरण मात्र उलट दिशेने गेले; समूह जितका जटिल, तितकी त्याची व्याख्या सोपी करण्याकडे त्याचा कल राहिला.

बीडीडी चाळी : भाडेपावतीचा पुरावा

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प केला होता. प्रत्यक्षात २०७ चाळींतील सुमारे १६ हजार खोल्याच उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी या चार ठिकाणांपैकी सर्वाधिक, म्हणजे १२१ चाळी वरळीत आहेत. तीन मजली इमारत, ८० खोल्या, सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली व मजल्यावर सामाईक शौचालय, अशी त्यांची रचना होती. प्रारंभी भाडे व गैरसोय यांमुळे वरळीतील कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात काही चाळींचा वापर तात्पुरता तुरुंग म्हणून करण्यात आला. ज्यांच्यासाठी घरे बांधली त्यांना न विचारता बांधली, तर काय होते याचे हे आरंभीचे उदाहरण मानता येईल.

पुढील काळात या खोल्या कोकणातून व घाटावरून आलेल्या श्रमिकांनी भरल्या. बौद्ध व अन्य दलित कुटुंबे आणि सवर्ण कुटुंबे यांच्या चाळी बहुतांशी वेगळ्या राहिल्या. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळी येथे दलित पँथरच्या सभेनंतर उसळलेल्या दंगलीने ही विभागणी किती खोल आहे, हे उघड केले. १० जानेवारीच्या मोर्चावरील हल्ल्यात भागवत जाधव हे कार्यकर्ते मरण पावले. शासनाने न्यायमूर्ती भस्मे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. एकाच मापाच्या खोल्या, एकाच गिरणीचा भोंगा व एकच नळ असूनही समाज एक झाला नव्हता.

या चाळींच्या पुनर्विकासाचा शासननिर्णय २०१६ मध्ये निघाला. त्यानुसार म्हाडामार्फत प्रत्येक पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे मालकी हक्काचे घर विनामूल्य मिळावयाचे आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना देण्यात आल्या. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत राहिलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने हे यश लहान नाही व त्याची उपेक्षा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

तथापि येथे पात्रतेचे एकक खोली हे आहे. एका खोलीत एक दांपत्य राहत असो वा तीन भावांचे संसार, घर एकच मिळते. भाडेपावती ज्याच्या नावे आहे तो पात्र ठरतो; परतलेली परित्यक्ता बहीण, दिवंगत भावाची पत्नी, वर्षानुवर्षे पोटमाळ्यावर झोपणारा पुतण्या यांची स्वतंत्र गणना होत नाही. चाळीच्या गॅलरीने जी दाटी सामावून घेतली होती तिला उंच इमारतीतील सदनिकेत जागा नसते. त्यामुळे एका कुटुंबाचे पुनर्वसन होत असतानाच त्याच कुटुंबातील सर्वांत दुबळा सदस्य बेघर होण्याचा संभव निर्माण होतो.

याच चाळींतील पोलिसांच्या सेवानिवासस्थानांचा प्रश्नही बोलका आहे. भाडेकरू नसल्याने ही कुटुंबे मूळ व्याख्येत बसत नव्हती. २०२२ मध्ये त्यांना घरे देण्याचे ठरले; किंमत आधी ५० लाख रुपये सांगण्यात आली व त्याच वर्षी ती १५ लाखांवर आली. निर्णय योग्य की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. पात्रतेची रेषा वाटाघाटीने हलते, हे त्यातून सिद्ध होते. ज्या समूहाला संघटन व प्रवेश उपलब्ध आहे त्याच्यासाठी ती हलते. एकट्या विधवेसाठी ती हलल्याचे दिसत नाही.

गिरणी कामगार : हजेरीपटाचा पुरावा

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. वेतनवाढीसोबत मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ विरुद्धचा रोष हे त्याचे महत्त्वाचे कारण होते. या कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता. बहुसंख्य कामगार ज्यांच्यामागे उभे होते ते नेतृत्व कायद्याच्या दृष्टीने बोलण्यास अपात्र होते. पात्रतेच्या राजकारणाचा अनुभव गिरणगावाने घरांच्या सोडतीपूर्वी असा घेतलेला होता. संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. त्यानंतरच्या कुटुंबाची अवस्था जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाने मराठी प्रेक्षकांसमोर आणली. नाटकाच्या शीर्षकातील शब्द समाजशास्त्राच्या कोणत्याही परिभाषेपेक्षा त्या अवस्थेच्या अधिक जवळ जातो.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा व मालक अशा तीन भागांत वाटप करण्याची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली व ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य ठरवली. परिणामी सार्वजनिक वाट्याला आलेली जमीन मोठ्या प्रमाणात घटली. घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २०१२, २०१६ व २०२० च्या सोडतींतून मिळून सोळा हजारांच्या आसपास घरे उपलब्ध झाली. मुंबईबाहेर, शेलू व वांगणी येथे घरे देण्याच्या प्रस्तावास २०२५ मध्ये कामगार संघटनांनी विरोध केला, त्याचे मूळ या विषम प्रमाणात आहे.

येथे १ जानेवारी १९८२ ही तारीख निर्णायक आहे. त्या दिवशी वा त्यानंतर गिरणीत कामावर असल्याचे तिकीट क्रमांक, लाल पास, हजेरीपट किंवा भविष्य निर्वाह निधीची नोंद यांद्वारे सिद्ध करावे लागते. गिरणी बंद पडली, दप्तर गहाळ झाले, कामगार गावी जाऊन वारला. तरी पुराव्याची जबाबदारी त्याच्या वारसावरच राहते. पाळीच्या दारात रोज उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराची नोंद मुळातच तुटक असते. म्हणजेच ज्याचे काम सर्वाधिक असुरक्षित होते त्याचा पुरावाही सर्वाधिक कच्चा असतो.

स्त्रियांच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक होते. रात्रपाळी व यांत्रिकीकरण यांच्या रेट्यात रिळिंग-वाइंडिंग खात्यांतील स्त्रियांची संख्या संपाच्या कितीतरी आधीपासून घटत गेली होती. त्या १९८२ च्या यादीत नसणे स्वाभाविक होते. याखेरीज खानावळ चालवून एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांवर गिरणीचे अर्थकारण उभे होते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना संघटित केले. कामगाराचा पगार थांबला की खानावळीची वसुलीही थांबत असे. तरीही गिरणी कामगारांच्या धोरणात खानावळवाली कोठेही नाही. कारण तिच्या नावाचा हजेरीपट कोणी ठेवलाच नव्हता.

कोळीवाडा : परवान्याचा पुरावा

वरळी कोळीवाडा हा चाळी व गिरण्या यांच्या कितीतरी आधीचा. येथील प्रश्न स्थलांतरिताचा नसून मूळ रहिवाशाचा आहे. मुंबईतील कोळीवाड्यांचे सीमांकन दीर्घकाळ रेंगाळले आणि वस्तीचा कोणता भाग गावठाण व कोणता झोपडपट्टी, हा वाद त्यातून उद्भवला. झोपडपट्टी म्हणून नोंद होताच रहिवासी जमिनीचा वारसदार न राहता पुनर्वसन योजनेतील अर्जदार बनतो. नावातील एका बदलाने हक्काचे रूपांतर सवलतीत होते.

सागरी किनारा मार्गाच्या प्रकल्पात या मच्छीमारांनी न्यायालयाचा आश्रय घेतला. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन क्षेत्रविषयक परवानगी रद्द ठरवली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. समुद्रात ये-जा करणाऱ्या नौकांसाठी खांबांमधील अंतर वाढवण्याची मागणी प्रदीर्घ संघर्षानंतर डिसेंबर २०२२ मध्ये मान्य झाली व ते अंतर ६० ऐवजी १२० मीटर करण्याचे ठरले. मार्च २०२४ मध्ये मार्गाचा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला. धोरणाची आखणी मच्छीमाराच्या अनुभवाला विचारात घेऊन बदलू शकते, हे येथे दिसले. मात्र त्यासाठी त्याला काही वर्षे आंदोलन करावे लागले.

उपजीविकेच्या हानीचे मोजमाप हा पुढील प्रश्न. नाखव्याच्या नौकेची नोंद असते, परवाना असतो. ओहोटीच्या वेळी खडकांवर कालवे व शिंपल्या वेचणाऱ्या स्त्रीपाशी नौका नसते. डोक्यावरील पाटी व किनाऱ्याची ओळख एवढेच तिचे भांडवल असते. भराव पडला की तिचा खडक नाहीसा होतो. नौकेचा परवाना आधीपासून दप्तरात असतो, तिच्या कामाची नोंद मात्र हानी झाल्यानंतर तिलाच उभी करावी लागते. खलाशी म्हणून मजुरीवर जाणाऱ्याची स्थिती फारशी वेगळी नाही.

पात्रतेची तीन गृहीतके

वरील तिन्ही उदाहरणांचा एकत्रित विचार केला असता पात्रतेच्या कसोटीमागे तीन गृहीतके आढळतात. पहिले गृहीतक तारखेचे. झोपडीधारकांसाठी १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २००० व पुढे सशुल्क पुनर्वसनासाठी १ जानेवारी २०११, अशा तारखा बदलत आल्या. तारीख दुर्बलतेचे मापन करीत नाही. राज्यसंस्था किती जणांची जबाबदारी घेण्यास तयार आहे याचे ती मापन करते. दुसरे गृहीतक कागदाचे. कागद जपण्यासाठी कोरडे घर, अक्षरओळख व स्थिर वास्तव्य आवश्यक असते. म्हणजे जो कमी दुर्बल त्याच्यापाशी अधिक कागद असतात. तिसरे गृहीतक कुटुंबप्रमुखाचे. कुटुंब हे हितसंबंधांचे एकजिनसी एकक आहे, असे मानले जाते. स्त्रीवादी समाजशास्त्राने ते कधीच अमान्य केलेले आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातील सदनिका पती-पत्नींच्या संयुक्त नावे देण्याची तरतूद हे या बाबतीत स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु पतीविना जगणाऱ्या स्त्रीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. निकष नसतील तर बनावट लाभार्थी शिरतील व खऱ्या गरजूंचा वाटा हिरावला जाईल. हा आक्षेप वाजवी आहे; साधने मर्यादित असताना कोणतेही धोरण निकषांविना चालणार नाही. प्रश्न निकष असण्याचा नसून निकषाचा भार कोणी वाहावा, हा आहे. गिरणीचे दप्तर मालक व शासन यांच्या ताब्यात होते. ते उपलब्ध नसल्याचे परिणाम कामगाराने का भोगावेत? कागदी पुराव्यासोबत शेजाऱ्यांची साक्ष, स्थानिक चौकशी व संघटनांच्या नोंदी ग्राह्य धरता येतील. खोलीऐवजी तीत राहणाऱ्या सर्व व्यक्तींची नोंद हा सर्वेक्षणाचा पाया करता येईल. अपात्र ठरवताना लेखी कारण व अपिलाची सुलभ संधी देता येईल. यासाठी अभूतपूर्व निधीची गरज नाही. गरज आहे ती प्रश्न विचारण्याची दिशा बदलण्याची.

समारोप

वरळीच्या अनुभवातून असे दिसून येते की, सामाजिक धोरण दुर्बल समूहांपर्यंत अजिबात पोहोचत नाही, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ते पोहोचते, परंतु समूहाच्या वरच्या कडेला स्पर्श करून थांबते. भाडेकरूला घर मिळते, पोटमाळ्यावरच्याला नाही. कायम कामगाराला सोडतीत स्थान मिळते, बदलीवाल्याला पुरावा मिळत नाही. नाखव्याची नौका मोजली जाते, वेचणारीचा खडक नाही. या रेषेखाली राहिलेल्यांची गणना कोणत्याही दप्तरात नसल्याने धोरणाचे अपयश आकडेवारीत उमटत नाही.

येथेच महाविद्यालयीन पातळीवरील समाजशास्त्राच्या अध्ययनाची जबाबदारी सुरू होते. दुर्बल घटकांवरील लघुप्रकल्प बहुधा शासकीय यादीतून नमुना निवडतात. म्हणजे पात्र ठरलेल्यांचाच अभ्यास होतो व निष्कर्षही त्यांच्यापुरतेच राहतात. अपात्रांची यादी हा त्याहून महत्त्वाचा दस्तऐवज आहे. ती यादी हाती घेऊन विद्यार्थी चाळीच्या जिन्यावर, गावी परतलेल्या वारसाच्या ओटीवर व ओहोटीच्या खडकांवर गेले, तर अनुच्छेद ४६ मधील 'दुर्बल घटक' ही संज्ञा प्रत्यक्षात कोणाला उद्देशून आहे, हे कळण्यास प्रारंभ होईल.